संगीत मासिकाचा वाचक सप्ताहाच्या पत्रिकेत शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठीतून संगीताला वाहिलेलं नवं मासिक काढण्याची खटपट चालू आहे, असा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मासिक कुणासाठी, याचं उत्तर त्यात एका ओळीत होतं : 'सुजाण, सुशिक्षित, पस्तिशीपुढचा रसिक'. हा रसिक पुण्या-मुंबईत, फार तर छत्रपती संभाजीनगरात राहतो, मैफलींना जातो आणि त्याच्यापर्यंत पोचलं की मासिक तरेल, असा एकूण सूर होता. मराठवाड्याचं नाव 'वाचक कमी' एवढ्यापुरतंच आलं. त्यावर मला सविस्तर लिहायचं आहे. पत्र लांबणार, हे आधीच सांगते. जागेअभावी काटछाट केलीत तरी सप्ताहाच्या पत्रिकांचा भाग तेवढा राहू द्या.

गंगाखेडला आमचं वाद्यांच्या विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवते. पेटीचा बसलेला सूर काढणं, भाता बदलणं, पखवाजाला नवं पान चढवणं, टाळांच्या दोऱ्या, विणेच्या तारा, तबल्याचे गट्टे, हे आमचं रोजचं काम. या दुकानाच्या उंबऱ्यात येणारा प्रत्येक माणूस संगीतासाठी पैसे मोडायची तयारी करून आलेला असतो. मासिकवाल्यांना हाच माणूस हवा आहे. तो त्यांना दिसत नाही, कारण ते त्याला सभागृहात शोधतात.

काही काळ मी दुकानात संगीतावरचं एक मासिक विक्रीला ठेवलं होतं. नाव घेत नाही. कागद छान, फोटो सुरेख. गिऱ्हाईक पेटीचं काम होईपर्यंत बसायचं, मासिक उचलायचं, पानं चाळायचं आणि जागेवर ठेवून द्यायचं. जवळच्या गावचे एक भजनी गृहस्थ दोन-तीनदा चाळून म्हणाले, "ताई, ह्यात चाल कुठंच न्हाई की." मी पुन्हा उघडून पाहिलं. परदेश दौऱ्यांची वर्णनं होती, मोठ्या कलावंतांच्या आठवणी होत्या, एका महोत्सवाचा वृत्तांत होता. हातात पेटी घेऊन बसलेल्या माणसाला उद्या सकाळी उपयोगी पडेल अशी ओळ मात्र सापडली नाही. अंक शेवटी रद्दीत गेले आणि त्या मासिकाने आमच्या भागाबद्दल 'प्रतिसाद नाही' अशी नोंद केली असणार.

माझं म्हणणं एवढंच आहे. संगीताच्या मासिकाचा वाचक शोधायचा, तर ज्याच्या हातात वाद्य आहे किंवा ज्याला चार लोकांत गायचं आहे, त्याला आधी शोधा. ऐकणारे मागून येतील. ऐकणाऱ्याची तहान ऐकून भागते. त्यानं वाचलं तर ते हौसेचं वाचन. गाणारा-वाजवणारा मात्र दर आठवड्याला कुठं ना कुठं अडतो. अभंगाची दुसरी ओळ चालीत बसत नाही, ठेका धावतो, पेटी आणि गळा जुळत नाही, परीक्षेत रागाचे वादी-संवादी, म्हणजे त्यातला मुख्य आणि त्याखालचा स्वर, विचारतात ते आठवत नाहीत. अडलेला माणूस कागद शोधतो, विचारत फिरतो, आणि उत्तर मिळालं की पैसे देतो.

वाचकाची पाहणी करणारे लोक वय, शिक्षण, उत्पन्न विचारतात. 'तुम्हाला संगीत आवडतं का?' असंही विचारतात. नाही कोण म्हणेल? त्याऐवजी 'गेल्या वर्षभरात संगीतापायी तुमचा पैसा कशाकशावर गेला?' असं विचारून पाहावं. कुणी सांगेल परीक्षेची फी, कुणी पखवाजाचं पान, कुणी नवीन पट्टीची टाळजोडी, कुणी क्लासला जायचं एसटीचं भाडं. ही उत्तरं ज्यांच्याकडून येतील ते तुमचे वाचक. त्यांचं वय बारा असेल नाहीतर सत्तर.

माणसं अशी कामावरून ओळखायची रीत आपल्याच मातीतली आहे. देवगिरीला तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव होता. हिशेबाच्या खात्यावरचा मोठा अधिकारी. त्यानं सात अध्यायांचा 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्यात गायकांचे पाच प्रकार सांगितले : शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक, भावक. म्हणजे निर्दोष शिकवू शकणारा, दुसऱ्याचं हुबेहूब उचलणारा, स्वतः रसात बुडून जाणारा, ऐकणाऱ्यांना रिझवणारा आणि गाण्यातला भाव उभा करणारा. शिवाय एकटा गाणारा, जोडीनं गाणारा आणि वृंदात गाणारा असे आणखी तीन. या वाटणीत वय नाही, घराणं नाही, गाव नाही. माणूस गाताना काय करतो एवढंच आहे. आमच्या दुकानात येणारी बहुतेक माणसं वृंदात गाणारी आणि अनुकार. नवं मासिक, लेखावरून दिसतं तसं, एकट्यानं गाणाऱ्या मोठ्या कलावंताबद्दल आणि त्याला ऐकणाऱ्याबद्दल असणार. मग वृंदात गाणाऱ्यानं ते कशासाठी घ्यावं?

आता पत्रिकांबद्दल. मराठवाड्यात अखंड हरिनाम सप्ताह होत नाही असं गाव शोधावं लागेल. श्रावणात होतात, दत्तजयंतीला होतात, माघात होतात, रामनवमी-हनुमान जयंतीला होतात. पहाटे काकडा, मग पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, नंतर जागर, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. सात दिवस जवळजवळ अहोरात्र गाणं-वाजवणं चालतं. या प्रत्येक सप्ताहाची पत्रिका छापली जाते. पारावर, किराणा दुकानात, एसटी स्टँडवर, आमच्या दुकानाच्या दारावर ती चिकटलेली असते. वरती कीर्तनकारांचे फोटो असतात, ते सगळे बघतात. खालच्या बारीक टायपात काय असतं ते मासिकवाल्यांनी एकदा वाचावं : गायनाचार्य अमुक, मृदंगाचार्य तमुक, हार्मोनियम, विणेकरी, चोपदार, काकडा भजन कोणत्या मंडळाचं, हरिपाठ कोणत्या गावच्या मंडळींचा. नाव, गाव आणि बहुतेक ठिकाणी मोबाईल नंबरसुद्धा.

कुठल्याही कंपनीला पैसे मोजून मिळणार नाही अशी ही यादी भिंतीवर लावलेली असते. एका तालुक्यातल्या एका वर्षाच्या पत्रिका गोळा केल्या की त्या तालुक्यातला गाणारा-वाजवणारा माणूस गावासकट हाती येतो. तीच नावं पुन्हा पुन्हा दिसली, तर त्या माणसाचा भागात किती शब्द चालतो तेही कळतं. अशा एका मृदंगाचार्याच्या हाती अंक पडला, तर तो ज्या ज्या गावी सप्ताहाला जाईल तिथं अंक त्याच्या पिशवीतून जाईल. त्याच्याकडे शिकणारी पोरं असतातच. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत, जी जोग महाराजांनी १९१७ मध्ये काढली, शिकून परत आलेली तरुण मंडळी आज आमच्या भागात गावोगावी पोरांना मृदंग आणि गायन शिकवतात. आई-वडील माझ्याकडं पोराला घेऊन येतात आणि अभिमानानं सांगतात, "पोरगं मृदंग शिकायलंय, चांगला पखवाज दाखवा." या मुलांच्या हातात वाचायला काय आहे? एक भजनी मालिका, एक हरिपाठ आणि मोबाईल.

मग या वाचकाला अंकात काय द्यायचं? मला जे रोज विचारलं जातं, तेच सांगते. पावसाळ्यात पखवाजाचा सूर उतरतो, काय करावं? एप्रिलच्या उन्हात पान ताणून फाटतं, ते कसं सांभाळावं? धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या बाजूला, कणीक किती आणि कशी लावावी, म्हणजे आवाज भरदार येईल? उंदरानं पेटीचा भाता कुरतडू नये म्हणून काय ठेवावं? पेटी विकत घेताना सूर कसे तपासावेत? एकच अभंग भूप रागात म्हणतात आणि मालकंस रागातही म्हणतात, तर दोन्ही चाली कशा बांधल्या आहेत? भजनी ठेका आणि धुमाळी यांत अंतर काय? हे सगळं सोप्या मराठीत, चित्रासह, मोठ्या टायपात हवं. समईच्या किंवा मंडपातल्या एका बल्बच्या उजेडात, चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. हा टायपाचा मुद्दा कुणाला क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही. अनेक चांगली पुस्तकं मी याच कारणानं परत गेलेली पाहिली आहेत.

स्वरलिपीबद्दल, म्हणजे चाल सुरांच्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीबद्दल, इथं थोडं थांबते. आमच्याकडच्या भजनी मंडळींपैकी बहुतेकांना भातखंड्यांची किंवा पलुस्करांची स्वरलिपी वाचता येत नाही. ती ऐकून शिकलेली माणसं आहेत, आणि त्यांचा कान असा असतो की एकदा ऐकलेली चाल विसरत नाहीत. त्यांना नुसती स्वरलिपी छापून दिली तर ती पानं कोरीच ठेवल्यासारखं आहे. पण तीच स्वरलिपी आणि शेजारी क्यूआर कोड दिला, तो मोबाईलवर धरला की चाल सावकाश, ओळीओळीनं थांबून ऐकू येते, असं केलं तर? क्यूआर कोड आता कुणाला शिकवावा लागत नाही, चहाच्या टपरीवर सगळे रोज वापरतात. ऐकत ऐकत डोळा अक्षरांवरून फिरत गेला तर वर्षभरात हीच माणसं स्वरलिपी वाचायला लागतील. मासिकानं आपला वाचक आपणच घडवायचा, तो असा.

'यूट्यूबवर सगळं फुकट आहे, मासिक कोण घेणार?' असा सवाल त्या लेखात होता. यूट्यूबवर चाल मिळते हे खरं. पण पट्टी कोणती, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला 'सा' धरायचा, ते कुणी सांगत नाही, शब्द अनेकदा चुकीचे असतात, आणि संतांच्या अभंगात एक शब्द इकडचा तिकडं झालेला आमच्या जाणत्या मंडळींना खपत नाही. शिवाय दोन्ही हात टाळात असताना मोबाईल धरणार कुठं? पेटीवर समोर उघडा पडून राहतो तो कागदच.

महिला भजनी मंडळांबद्दल मला अधिक लिहायचं आहे, कारण ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात दुर्लक्षित गिऱ्हाइकी आहे. श्रावण जवळ आला की गोदाकाठच्या गावांतून बायकांची मंडळं दुकानात येतात. एका मंडळाच्या बाया पेटी परत करायला आल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, ही पेटी बदलून द्या, आमच्या गळ्याला लागतच न्हाई." मी पेटी उघडली, प्रत्येक सूर वाजवून पाहिला, पेटी अगदी ठणठणीत होती. विचारलं, चाल कुठून बसवली? तर मोबाईलवरून, एका बुवांच्या रेकॉर्डिंगवरून. बुवांचा षड्ज, म्हणजे 'सा', काळी एकचा, पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीचा. पेटीवर बसणाऱ्या ताईंनी तीच बोटं पाठ केली होती. बायकांचा गळा काळी एकच्या षड्जाला खाली गेला की आवाज बसतो, वरच्या सप्तकात गेला की चिरकतो. मी काळी चारचा षड्ज धरून तीच चाल वाजवली आणि म्हणा म्हटलं. दुकानात उभ्या उभ्या म्हणाल्या, आणि पहिल्याच ओळीला एकमेकींकडे बघायला लागल्या. पेटी परत घेऊन गेल्या.

पण अडचण तिथं संपत नाही. पट्टी बदलली की बोटं बदलतात. काळी एकची बोटं पाठ असलेल्या बाईला काळी चार म्हणजे नव्यानं शिकणं. बोटं तीच ठेवून पट्टी बदलता येते अशी स्केलचेंजर पेटी घेण्याइतका पैसा मंडळाकडं नसतो. आता एखाद्या मासिकानं दर अंकात एक अभंग, एक गवळण, एक भारूड, आणि प्रत्येकाची बोटं काळी एक आणि काळी चार अशा दोन्ही पट्ट्यांत पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं चित्र काढून दिली, तर सांगते, परभणी जिल्ह्यातलं एकही महिला मंडळ तो अंक सोडणार नाही. आजवर ही गोष्ट कुणी छापलेली माझ्या पाहण्यात नाही. गंगाखेड ही जनाबाईंची जन्मभूमी. त्यांचे अभंग म्हणणाऱ्या बायकांना आपल्या गळ्याची पट्टी सांगायला कुणी नसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

तिसरा मोठा वर्ग परीक्षेच्या मुलांचा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, आणि दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात म्हणून तालुक्याच्या ठिकाणीही मुलं बसतात. पालक गुणांसाठी पाठवतात, हे खरं आहे. त्यात नाक मुरडण्यासारखं मला काही दिसत नाही. मूल पेटीला हात लावतं हे महत्त्वाचं. या मुलांना परीक्षेच्या दोन महिने आधी रागांची माहिती, लेखीचे नमुना प्रश्न, तोंडीला काय विचारतात, तबल्याचे कायदे, म्हणजे बोलांच्या ठरावीक रचना, लिहायचे कसे, हे हवं असतं. त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता क्लासच्या सरांमार्फत किंवा मॅडममार्फत आहे. एका शिक्षकाला अंक पटला की सगळा वर्ग घेतो. दहावी झाली की मात्र बरीच मुलं गाणं सोडतात, तबला माळ्यावर जातो. पुढची दोन वर्षं त्यांना धरून ठेवणं मासिकाच्या हातात आहे. त्यांनी बसवलेलं गाणं, त्यांचा प्रश्न, त्यांचं नाव अंकात आलं तर ती टिकतात.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. तुळजापूरच्या आणि माहूरच्या वाटेवरचे आराधी, गोंधळी; त्यांची संबळ-तुणतुण्याची दुरुस्ती नवरात्राआधी येते. चौदा एप्रिलच्या आधी भीमगीतांच्या पार्ट्या येतात, पेटी, ढोलकी, बेंजो घेऊन. त्यांच्याइतकं नवं गाणं दरवर्षी दुसरं कुणी बांधत नसेल. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाआधी कव्वालांच्या पेट्या येतात. नांदेडला हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात रागांतून गुरुबाणीचं कीर्तन चालतं. गुरु ग्रंथसाहिबात आपल्या नरसीच्या नामदेवांची एकसष्ट पदं आहेत, ती तिथं कोणत्या रागात गातात, हे आमच्या भजनी मंडळींना वाचायला मिळालं तर ती हरखून जातील. माझ्या टेबलावर या सगळ्यांच्या पेट्या एकाच स्क्रूड्रायव्हरनं उघडतात. मासिकाच्या पानांवर मात्र त्यांना अजून कुणी एकत्र बसवलेलं नाही.

आता पैशांची गोष्ट, कारण मासिकं तिथंच मोडतात. वाचणारा आणि पैसे देणारा हे आमच्याकडं बहुधा वेगळे असतात. मृदंग शिकणाऱ्या पोराच्या खिशात काही नसतं. पैसे बाप देतो, नाहीतर मंडळ देतं. म्हणून वैयक्तिक वर्गणीबरोबर मंडळाच्या नावाची वर्गणी ठेवावी. एक अंक मंदिरात राहील आणि पंधरा जण वाचतील. खप कमी दिसला तरी वाचक जास्त असतील, हे जाहिरातदाराला समजावून सांगावं. जाहिराती कोण देईल? वाद्यं बनवणारे, साउंड सिस्टीमवाले, मंडपवाले, संगीत विषय असलेली महाविद्यालयं. गावोगावची सार्वजनिक वाचनालयंही आहेत. अ-ब-क-ड वर्गांची शासनमान्य वाचनालयं नियतकालिकं घेतातच, त्यांना पत्र तरी पाठवावं.

आणि वर्गणी मागायची वेळ. शहरातली मासिकं एप्रिलमध्ये किंवा जूनमध्ये वर्गणी मागतात. जूनमध्ये आमच्याकडं बी-बियाणं आणि खत घेऊन माणूस रिकामा झालेला असतो. तेव्हा कुणी शंभर रुपयांसाठीही हात पुढं करणार नाही, आणि त्याचा अर्थ त्याला संगीत नको असा काढू नये. सोयाबीन ऑक्टोबरात विकलं जातं, कापूस त्यानंतर यायला लागतो. दिवाळी ते दत्तजयंती हा आमचा हातात पैसा असायचा काळ. सप्ताह झाल्यावर गावापुढं जमाखर्च वाचला जातो, तेव्हा चार पैसे शिल्लक असतील तर पुढच्या वर्षीच्या पखवाजाची, टाळांची तरतूद तिथंच होते. मासिकाची वर्गणीही तिथंच ठरेल, फक्त कुणीतरी त्या बैठकीत विषय काढायला हवा.

अंकांचं वेळापत्रकही याच हिशेबानं लावावं. आषाढाआधीच्या अंकात वारीत म्हणायची भजनं हवीत. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणीहून गंगाखेडला येऊन परळी-अंबाजोगाईकडे जाते, तेव्हा पावलीचा ठेका बघायला लहान पोरं रस्त्यावर उभी असतात. त्या दिवशी अंक रस्त्यावर असला पाहिजे. श्रावणाचा अंक महिला मंडळांचा, गणपतीत आरत्यांचा, नवरात्रात देवीच्या पदांचा, मार्गशीर्षात सप्ताहाचा, फाल्गुनात पैठणच्या नाथषष्ठीसाठी भारुडांचा, एप्रिलमध्ये भीमगीतांचा. माणसाला लागायच्या महिनाभर आधी अंक हाती पडला तरच उपयोग. सण झाल्यावर आलेला अंक कितीही चांगला असला तरी पुढच्या वर्षापर्यंत झाकून राहतो.

विकायचा कुठं, हाही प्रश्न आहे. एसटी स्टँडवरचे मासिकांचे स्टॉल एकेक करून बंद झाले. तालुक्याच्या गावी वाद्यदुरुस्तीचं एखादं दुकान असतंच, आणि यात्रा-सप्ताहांत पोथ्या, गाथा, माळा विकणारे पाल टाकून बसतात. या दोघांकडं अंक ठेवा. एसटीच्या पार्सलनं गठ्ठा येऊ शकतो, आमच्याकडं वाद्यांचं सामान येतंच की. मंडपाच्या कडेला पालावर लटकलेला अंक सात दिवस लोकांच्या नजरेसमोर राहतो.

मोठ्या कलावंतांबद्दल काही छापूच नये असं माझं म्हणणं नाही. नाथराव नेरळकरांसारखा गायक मराठवाड्यात राहून गायला आणि शिकवत राहिला. ते कसे शिकवत, याबद्दल त्यांच्या शिष्यांकडून लिहून घेतलं तर आमच्याकडचा प्रत्येक क्लासवाला ते कापून ठेवील. मोठ्या माणसाचं काम दाखवा, त्याचा रियाज उलगडून सांगा. सत्कार आणि शाल-श्रीफळाचे फोटो नकोत. उत्तरेत हाथरससारख्या लहान शहरातून १९३५ पासून 'संगीत' मासिक निघत आलं. स्वरलिपीतल्या बंदिशी आणि एकेका विषयावरचे विशेषांक हा त्याचा कणा. शिकणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला ते लागत होतं, म्हणून ते लहान शहरातून दूरवर गेलं. नव्या मासिकानं हेच ध्यानात ठेवावं.

लेखातल्या मंडळींना आपल्यामार्फत एक निरोप द्यावा. या वर्षीच्या आमच्या तालुक्यातल्या आणि शेजारच्या सोनपेठ, पालम, परळी भागातल्या सप्ताहाच्या पत्रिका मी दुकानात जमवून ठेवायला सुरुवात केली आहे. मार्गशीर्षात कुणाला तरी पाठवा. पत्रिका देईन, दोन-तीन सप्ताहांना बरोबर येऊन गायनाचार्यांची आणि महिला मंडळांची गाठ घालून देईन. नमुना अंक काढला आणि त्यात काळी चारच्या पट्टीतला एक तरी अभंग असला, तर पन्नास प्रती रोखीनं घेईन. त्या परत पाठवणार नाही.

आपली,
एक वाचक व वाद्यदुकानदार,
गंगाखेड, जि. परभणी